समुद्रफुलाचं पाणी

आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. वडील जळगावच्या एका छोट्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. सभांची, मोर्च्यांची पत्रकं तिथे छापली जात, आणि शाई फासलेले, वाकडे छापले गेलेले कागद वडील घरी आणत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. मी पहिल्यांदा सलग वाचलेला शब्द ‘धिक्कार’ होता, असं वडील पाहुण्यांना हसत सांगायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

मायला मात्र वाचता येत नव्हतं. ती पारोळ्याकडची, बोलायची अहिराणी. तिच्या लहानपणी शाळा होती, पण ती भावांसाठी. वडील गेल्यावर मी कॉलेजात जायला लागले आणि आमच्या गल्लीत बायकांचा साक्षरता वर्ग सुरू केला. माय तेवढी यायची नाही. मी घरी येऊन तिच्यावर आवाज चढवायचे. ती भाकरी थापत म्हणायची, “मी आते कलेक्टर व्हसू का?”

मोठा भाऊ मुंबईला गिरणीत होता. गिरणी बंद पडली ती पडलीच. मालकांनी जमिनीकडे पाहिलं, सरकारने मालकांकडे पाहिलं, आणि कामगारांकडे कुणी पाहिलं नाही. हे मी तेव्हाही पत्रकात लिहिलं होतं, आजही त्यातला एक शब्द बदलणार नाही. नंतर तो एका शोभेच्या माशांच्या दुकानात लागला. काचेच्या पेट्या बांधणं, पाणी बदलणं, मासे सांभाळणं. पण छातीत कापूस बसला होता तो बसलाच. नव्वदनंतरच्या एका फेब्रुवारीत तो कायमचा घरी आला तेव्हा स्टेशनाच्या जिन्यावर तीन वेळा थांबला.

त्याच्याबरोबर ट्रंक नव्हती. गोधडीत गुंडाळलेली दोन फुटांची काचेची पेटी होती, हमालांकडे समुद्राच्या पाण्याचे चार मोठे प्लॅस्टिकचे डबे होते, आणि त्याच्या हातात दोन पिशव्या. एकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला बोटाएवढा मासा. दुसरीत एका दगडाला चिकटलेला फिक्कट गोळा. तो गोळा पेटीत सोडल्यावर तासाभराने उमलला. शंभर-दीडशे मऊ बोटं पाण्यात डोलायला लागली आणि मासा त्या बोटांत जाऊन अंग घासत बसला. भाऊ म्हणाला, हे समुद्रफूल. दिसतं फूल, पण आहे प्राणी.

मायने पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. “बठ्ठा समुद्र घरमा लई उना का रे?”

मला राग आला होता. आमच्या भागात नळाला चौथ्या दिवशी पाणी येत होतं आणि मी त्याच आठवड्यात त्यावर पत्रक लिहीत होते. “लोकांना प्यायला पाणी नाही, आणि तू माशाला पेटीभर पाणी ठेवतोस?”

“हे पाणी तुझ्या मोर्च्यातल्या लोकांना पाजून बघ, पुढारी,” तो म्हणाला. तो मला पुढारीच म्हणायचा. “दोन घोटांत मोर्चा घरी जाईल.”

एप्रिल लागला आणि पेटीतलं पाणी दुपारी कोमट होऊ लागलं. रोज दोन बोटं आटायचं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून उरलेलं आणखी खारट होतं. समुद्रफूल दुपारी मिटून बसायचं, तसा भाऊही खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. एका सकाळी तो उठून बसला आणि म्हणाला, “खाली आणखी एक टाकी करू. थोडं पाणी लवकर बिघडतं, जास्त पाणी उशिरा बिघडतं.” हे मला पटलं. माणसांच्या बाबतीतही मी हेच सांगत फिरत होते.

मायचा कपडे धुवायचा प्लॅस्टिकचा टब पेटीखाली ठेवायचं ठरलं. वरचं पाणी आपोआप टबात उतरावं, तिथे स्पंजातून आणि शिंपल्यांच्या चुऱ्यातून गाळलं जावं, आणि छोट्या पंपाने परत वर चढावं. पंप त्याने मुंबईहून आणला होता, अंग सगळं प्लॅस्टिकचं. पाइप तेवढे हवे होते, आणि पाइपांची जळगावात काय कमी? केळीच्या ठिबकाचे तुकडे तर शेतांच्या बांधावर पडलेले असायचे.

पाइपांच्या दुकानाचे शेठ मूळचे मारवाडातले, पण बोलायचे आमच्यासारखंच. भावाने पाइप आणि वळणाचे सहा एल्बो मागितले, तेव्हा त्यांनी विचारलं, “किती एकर?”

“दोन फूट,” भाऊ म्हणाला.

“आणि पीक?”

“मासा. एक.”

शेठनी चष्मा वर केला. “एका माशाला सहा एल्बो? भाऊ, एवढ्यात माझा शेजारी केळीचा मळा भिजवतो.” तरी त्यांनी मनापासून माल काढला. वर एक जड पितळी कॉक ठेवला. “हा घ्या. नातवापर्यंत चालेल.”

“कॉक नातवापर्यंत चालेल शेठ, पण फूल परवापर्यंत चालणार नाही,” भाऊ म्हणाला आणि प्लॅस्टिकचाच कॉक मागितला.

घरी आल्यावर त्याने वही काढली. पेटीचं सगळं तो त्यातच लिहायचा. पहिल्याच पानावर त्याने माझ्यासमोर लिहिलं: ‘खाऱ्या पाण्यात धातू नको. तांबं, पितळ अजिबात नाही. मासा सोसेल, फूल सोसणार नाही.’ मी ते वाचलं. मला वाटलं, हे पाइपांबद्दल आहे.

पेटीला भोक पाडायचं नव्हतं, काच तडकली असती. म्हणून त्याने पेटीच्या काठावरून उलट्या यू सारखा पाइप टाकला. त्याचं एक टोक पेटीच्या आत टांगलेल्या छोट्या डब्यात, दुसरं बाहेरच्या डब्यात, आणि बाहेरच्या डब्यातून पाणी टबात. दोन्ही टोकं कायम पाण्यात बुडलेली राहिली की वीज गेली तरी पाइप भरलेलाच राहतो, आणि वीज आली की पाणी पुन्हा वाहायला लागतं. आमच्याकडे वीज रोज जायची, म्हणून सगळी युक्ती त्या दोन डब्यांतच होती.

पण पहिल्यांदा पाइपातली हवा तोंडाने ओढून काढावी लागते. वर एक बारीक नळी बसवली होती. भावाने ती तोंडात धरली आणि ओढली. पाणी चार बोटं चढलं आणि खाली गेलं. त्याने पुन्हा ओढली. मग खोकला आला तो थांबेना. ओठ निळे झाले, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो टबाचा काठ धरून खाली बसला. माय ओट्याजवळून पाहत होती.

मी नळी घेतली आणि जोरात ओढली. तोंड खाऱ्या पाण्याने भरलं. टबात धार पडायला लागली. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. चव आधी घेतली.

“पुढाऱ्याच्या फुफ्फुसाचा पहिल्यांदाच उपयोग झाला,” भाऊ खालूनच म्हणाला.

त्या दिवशी त्याने पंधरा वेळा बटण बंद-चालू केलं. दर वेळी पेटीतलं पाणी ठरल्या रेघेपर्यंत उतरून थांबायचं, आणि बटण लावलं की पुन्हा वाहायचं. टबावर टेबलफॅन, खिडकीला ओलं पोतं. दोन दिवसांनी फूल भर दुपारी उमललेलं राहिलं. भाऊही खाटेवरून उठून त्याच्यासमोर पाटावर बसायला लागला. दूध पूर्ण प्यायचा. शेजारच्या बायका फूल बघायला येत आणि तो त्यांना समजावून सांगे.

मायने या दोन गोष्टींची गाठ मारली. मला म्हणाली, “जोवर ते फूल उमलेल शे, तोवर मना पोऱ्याले काही व्हवाव नही.” मी तिला तिथल्या तिथे झापलं. अंधश्रद्धा, अज्ञान, सगळे शब्द वापरले. ती ऐकून घेऊन उठली आणि फुलाकडे एकदा बघून कामाला लागली.

मे महिन्यात भावाचा दम वाढला. मामा धुळ्याला राहायचा, त्याच्या ओळखीचे छातीचे डॉक्टर होते. भावाला तिथे दवाखान्यात ठेवायचं ठरलं. जाताना त्याने मला वही दिली. “रोज टबातल्या रेघेपर्यंत गोडं पाणी घाल. नळाचं, पण बादलीत दोन दिवस ठेवलेलं. औषधाचा वास गेलेलं. एवढंच.”

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या घरातलं पाणी संपलं. त्यांच्याकडे आठ दिवसांची बाळंतीण होती. मी फुलासाठी ठेवलेल्या दोन्ही बादल्या उचलून त्यांच्याकडे दिल्या. माणूस आधी. यात मला आजही चूक दिसत नाही, आणि हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते सांगताना माझा आवाज पत्रकासारखा होतो.

संध्याकाळी टबातलं पाणी रेघेखाली गेलं आणि पंप गुरगुरायला लागला. घरात पाणी होतं ते तांब्याच्या हंड्यात. माय तो रोज चिंचेने घासून लखलखीत करायची आणि रात्रभर भरून ठेवायची. आमच्याकडे आजाऱ्याला, बाळंतिणीला, पाहुण्याला तेच पाणी. तिने हंड्यावरचं झाकण काढलं. “हाई पानी चांगलं शे. आजारी मानूसले देतस. मासासले काय व्हई?”

मी तिच्या हातून तांब्या घेतला आणि टबात ओतला. वही तिथेच, खिडकीत होती.

पुढे नळ आला, बादल्या भरल्या. पण त्या पाण्याला वास होता आणि हंड्याच्या पाण्याला नव्हता. मलाही हंड्याचंच बरं वाटलं. मायने रोज स्वतःच्या प्यायच्या पाण्यातलं काढून ठेवलं.

पाचव्या दिवशी फूल उमललं नाही. मायला वाटलं, उन्हाने. “आखो दोन तांब्या टाक,” ती म्हणाली, आणि मी टाकले. आठव्या दिवशी फुलाची बोटं आखडून बोंडाएवढी झाली. नवव्या दिवशी ते दगडावरून सुटलं आणि पाण्याला कुजका वास आला. मी ते चाळणीने काढलं. मासा त्या रिकाम्या दगडाभोवती फिरत होता, अंग घासायला जायचा आणि दगडावर आपटून परत यायचा. माय देवापुढे बसून होती. तेव्हा मी तिला अंधश्रद्धा म्हटलं नाही.

अकराव्या दिवशी भाऊ आला. रिक्षातून उतरून सरळ पेटीपुढे गेला. मग त्याची नजर टबाकडे गेली, टबाशेजारी ठेवलेल्या तांब्याकडे गेली, आणि तिथून ओट्यावरच्या हंड्याकडे.

“यातलं घातलं?” त्याने मला हळूच विचारलं.

मी हो म्हणाले. आणि म्हणता म्हणता मला शेठचा पितळी कॉक आठवला, वहीतली ओळ आठवली.

माय आतून आली. तिने पदर तोंडाला लावला होता. “काय व्हयनं रे? कसामुये मरनं?”

भावाने पाटावर बसून श्वास गोळा केला. “लाइट गयथी माय. तीन-चार तास. त्यानामुये.”

ती गेल्यावर तो मला म्हणाला, “तिला सांगायचं नाही. कधीच नाही. तिने फुलाला माझा जीव बांधलाय.”

“पण खरं...”

“खरं तुझ्या पत्रकात लिही, पुढारी. घरात नको.”

मासा तीन दिवसांनी गेला. भावाने पंप बंद केला, पाइप उतरवले, प्रत्येक एल्बो गोड्या पाण्याने धुऊन उन्हात वाळत ठेवला, जणू पुन्हा लागणार होता. तो दिवाळीपर्यंत होता. शेवटचे काही दिवस त्याला माय हंड्यातलंच पाणी चमच्याने पाजायची. तो माझ्याकडे बघायचा आणि पाणी प्यायचा.

टब मायने पुन्हा कपड्यांना घेतला. काठावरची पांढरी मिठाची रेघ घासून जात नाही. वही तिने देवाच्या फळीवर ठेवली आहे. दर अमावास्येला ती काढते, पुसते आणि मला म्हणते, वाच. मी वाचते. पेटीची मापं, पाइपांची लांबी, माशाला किती चिमटी खाणं. पहिल्या पानावरची तांब्याची ओळ मी गाळते. इतक्या सराईतपणे की श्वासही अडखळत नाही.

गेल्या महिन्यात मी वर्गाला निघाले होते. माय दारात वही छातीशी धरून उभी होती. म्हणाली, “माले बी शिकाड. मना पोऱ्यानं काय लिखेल शे ते माले मनं वाचनं शे.”

चार वर्षं मी ज्या बाईला अक्षरांसाठी रागावले, ती पाटी मागत होती. मी चपला घालत म्हणाले, “उद्या बघू, माय.”

काल तिने पुन्हा विचारलं. वर्गातल्या एका बाईने तिला पेन्सिल दिली आहे.