गॅरेजातला खड्डा

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझी बदली नांदेडहून तिथं झाली. रविवारी आम्ही कचेरीतले चौघे मित्र बुलेट, येझदी काढून उदगीर रोडवरच्या एका बारमध्ये जायचो. तिथं पूर्वी गॅरेज होतं. मालक तरुणपणी त्यात शर्यतीच्या मोटारी तयार करायचा, म्हणून त्याला मोटारसायकलवाल्यांचं कौतुक फार. ज्या खड्ड्यात उतरून तो मोटारी खालून दुरुस्त करायचा, त्यात दुष्काळात तो टँकरचं पाणी साठवू लागला. मागच्या वस्तीतल्या बायका तिथूनच घागरी भरून न्यायच्या.

एका दुपारी मालक गावात गेला होता. धुळीनं माखलेल्या गाड्या आम्ही त्याच पाण्यानं धुतल्या. किती उपसलं, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

थोड्या वेळानं वस्तीतली एक म्हातारी आली. पाणी तळाला गेलेलं. ती वाकली आणि घागरीसकट आत पडली. आम्ही तिला वर काढलं, रस्त्यावरची एक जीप थांबवली आणि तीत घालून लातूरला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

संध्याकाळी मालक दवाखान्यात आला. "पाणी एवढं खाली कसं गेलं?"

"आम्ही गाड्या धुतल्या," मी म्हणालो.

"मला इचारायचं तरी व्हतं," तो एवढंच बोलला.

महिन्याभरानं मी एकटाच म्हातारीला बघायला गेलो. ती अंथरुणावरच होती. सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "घ्या, लई उन्हातनं आलाव." पाणी कुणामुळं तळाला गेलं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. पाणी प्यालो आणि उठलो.

पोळ्याच्या आत म्हातारी गेली.