जबाबाला थांबणारे बाबा

"राम राम. तुमच्याकडं पाणी हाय का?"

एवढं विचारून बाबा थांबायचे. फोनच्या काचेकडे बघत, मान जराशी कलती करून, तिकडून कुणी बोलेल म्हणून थांबायचे. तुमच्यापैकी काहींनी त्यांना फोनवर बघितलंही असेल. पांढऱ्या मिशा, खांद्यावर काळं घोंगडं, मागे विटांची भिंत. पण ते थांबणं तुम्ही बघितलेलं नाही. ते आमचा मालक कापून टाकायचा.

मी त्याच्या दुकानात पार्सलं बांधायची आणि गिऱ्हाइकांना उत्तरं लिहायची. दुकान म्हणजे सिडकोतल्या एका इमारतीचा तळमजला. त्याला दार होतं, पण दारातून गिऱ्हाईक असं कधी आलं नाही. सगळा धंदा फोनवरून. घोंगडी, लाकडी घाण्याचं तेल, पाटे-वरवंटे, लोखंडी तवे. आमच्या आयांनी वैतागून माळ्यावर टाकलेलं सगळं आम्ही खोक्यात घालून पुण्या-मुंबईला धाडत होतो. मालक तिशीच्या आतला. शेंद्र्याकडची वडिलांची जमीन कारखान्यात गेली, त्या पैशांवर त्याने हे मांडलं. मुलगा वाईट नव्हता. सतत घाईत असायचा, एवढंच.

बाबा त्या इमारतीचे वॉचमन. गाव देवगाव रंगारीच्या पुढे कुठेतरी. हयात मेंढरांमागे गेली आणि लागोपाठच्या दुष्काळांत मेंढरंही गेली. मुलगा वाळूजला ठेकेदाराच्या हाताखाली लागला आणि बाबा आमच्या जिन्याखाली आले. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं आणि ते चहूकडून फुगत चाललं होतं. रोज नवी इमारत उभी राहायची आणि नळाला मात्र आठवडा आठवडा पाणी नसायचं. त्यामुळे बाबांचं मुख्य काम म्हणजे टँकरची वाट बघणं.

एकदा मालकाने घोंगड्याच्या व्हिडिओसाठी भाड्याचा फेटा आणि एक देखणा तरुण ठरवला. फेटा वेळेवर आला, तरुण आलाच नाही. मालक घायकुतीला येऊन बाबांना म्हणाला, "बाबा, जरा उभे राहता का? समोर माणसं आहेत असं समजा आणि बोला."

बाबांनी नुसतं समजून घेतलं नाही, माणसं आहेतच असं धरलं. आता रानात दोन मेंढपाळ भेटले की आधी नाव-गाव निघत नाही, पाणी निघतं. तिकडे पाणी आहे का, कुठवर आहे, किती दिवस पुरेल. त्यावर कळप कुठे वळवायचा ते ठरतं. तेव्हा बाबांनी रीतीप्रमाणे राम राम घातला, पाणी विचारलं आणि गप्प उभे राहिले.

"बाबा, पुढे बोला ना."

"त्यांचा जबाब तर येऊ द्या की."

आमची हसून हसून पुरेवाट झाली. मालकाने थांबणं तेवढं कापलं आणि बाकीचं फोनवर चढवलं. दुसऱ्या दिवशी मला खोकी कमी पडायला लागली.

गंमत म्हणजे लोकांनी खरोखर जबाब दिले. एकाने लिहिलं, आमच्या सोसायटीत पोहायचा तलाव भरलेला आहे, प्यायला टँकर येतो. बीडकडच्या एका मुलीने लिहिलं, विहीर आटली, तुमच्याकडे? दुपारी चहाच्या वेळी बाबा स्टुलावर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "वाच माय, जबाब वाच." मी एकेक वाचायची, ते ऐकून सांगायचे, मी ते लिहायची. मला लोकांच्या खासगीत नाक खुपसायची सवय नाही, पण नोकरीच तशी होती. त्या बीडच्या मुलीला त्यांनी विहिरीचा गाळ काढायला सांगितलं आणि पुढे पंधरवडाभर गाळ निघाला का, गाळ निघाला का म्हणून माझं डोकं खाल्लं.

लोक लाल बदामाची चित्रं पाठवत, त्याचा त्यांना भारी आनंद. मात्र अंगठ्याच्या चित्राने ते चक्रावले होते.

"एवढी शिकल्याली माणसं, आन् अंगठा कामून लावत्यात गं?"

मी म्हटलं, "बाबा, अंगठा म्हणजे आवडलं."

"मंग तसं म्हणा की," ते म्हणाले. "अंगठा काय? सही येत नाय का त्यांना?"

मालकाला त्यांनी एकच गोष्ट नाकारली. व्हिडिओखाली 'आमच्या बाबांच्या मेंढरांची लोकर' असं लिहायचं होतं. बाबा म्हणाले, "माही मेंढरं हायतच कुठं?" मालकाने समजावलं की हे असं लिहायची पद्धत असते, कुणी मोजायला येत नाही. त्याच दिवशी कुणीतरी विचारलं, बाबा, तुमची मेंढरं किती? बाबांनी मला लिहायला लावलं, 'इकली. चारा नव्हता.' मी तसंच लिहिलं. त्या दोन वाक्यांवर इतकी माणसं बोलली, इतके बदाम आले, की मालक खूश होऊन म्हणाला, "बाबा, दुःख चालतंय!" बाबांना ते कळलं नाही. मला कळलं आणि मला त्याचा संताप आला.

मग ती नदीवाली भेटली. नाव होतं तिचं, पण बाबांसाठी ती नदीवालीच. तिकडे पश्चिमेला, नदीकाठच्या कुठल्याशा गावची, साठीची बाई. पहिल्याच दिवशी तिने लिहिलं, "आमच्या दारात नदी आहे बाबा. पाणी भरपूर. पाठवू का?"

बाबांनी हे टँकरवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या वकिलाला सांगितलं. "पाणी धाडते म्हणली! आपल्याला वळख ना पाळख." जबाब लिहवून घेतला, "धाडा. हंडा मोकळाच हाय."

त्यानंतर दोन-चार दिवसांआड काहीतरी असायचंच. ती लिहायची, आज नदी गढूळ आहे. ते सांगायचे, आज टँकर आलाच नाही. तिने एक घोंगडं मागवलं. ते मी बांधत होते तेव्हा बाबांनी माझ्या हातातून घेऊन उन्हात झटकलं, नीट घडी केली आणि वरून हात फिरवला. सख्ख्या बहिणीच्या घरी जायचं असल्यासारखी घाई होती त्यांना. घोंगडं पोचल्यावर तिने लिहिलं, ओसरीवर अंथरलंय, मांजर उठत नाही. बाबा त्या मांजराचीही खुशाली विचारायला लागले.

माणूस भेटला की खूश होणारे लोक असतात, तसे बाबा होते. फोन मधे आहे याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

धंदा वाढला. मालकाने एक सोय विकत घेतली, तिने जबाब आपोआप जायचे. कुणी काही लिहिलं की त्यातला एखादा शब्द धरून बाबांच्या बोलीतलं तयार वाक्य तिकडे जाई. मला पूर्णवेळ पार्सलांवर बसवलं. बाबा स्टुलावर येऊन विचारायचे, "वाचती का?" मी म्हणायची, "आता ते काम मालकांकडे आहे, बाबा." ते थोडा वेळ बसून, चहाचा ग्लास विसळून, जिन्याखाली जायचे.

त्या पावसाळ्यात आमच्याकडे ढगच नव्हता. आभाळ नुसतं पांढरं. आणि तिकडे पश्चिमेला पूर आला. चहावाल्याच्या टीव्हीवर घरांची छपरं तेवढी दिसत होती. बाबा तिथून तडक माझ्याकडे आले.

"माय, नदीवालीचं काय झालं ते बघ."

मी माझ्याच फोनवर दुकानाचं पान उघडलं. तिने आधीच लिहून ठेवलेलं होतं: "बाबा, पाणी घरात आलं. आम्ही शाळेत आहोत. अंगावर घेऊन निघाले म्हणून तुमचं घोंगडं तेवढं वाचलं."

त्याखाली आमच्याकडून, बाबांच्या फोटोसकट, जबाब गेला होता: "वा वा! पाणी हाय तर समदं हाय! आजच दुसरं घोंगडं घ्या!" आणि पुढे हसून लोळणारं तोंड.

त्याखाली तिचा एकच शब्द. "बरं."

मी वाचताना अडखळले. बाबा म्हणाले, "वाच." मी सगळं वाचलं. बाबांनी ते 'बरं' पुन्हा वाचायला सांगितलं. ते कसं म्हटलं असेल हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मला ते तसं म्हणवेना.

मग ते आत मालकाकडे गेले. "ह्ये कुणी लिवलं?"

"कुणी नाही बाबा. आपोआप जातं."

"आपोआप कसं जाईल? माही बोली हाय, माहा फोटू हाय."

"तुमची बोली आहे म्हणून तर लोकांना आवडतं."

"बाईच्या घरात पाणी शिरलं आन् म्या हासलो?"

"तुम्ही कुठं हसलात, बाबा?"

"तिला काय मालूम?"

मालक खरंच ओशाळला. त्याने तो जबाब पुसला. म्हणाला, पूर हा शब्द घालून ठेवतो, परत असं होणार नाही. बाबा म्हणाले, "माहं पाणी इचारायचंच काढून टाक."

"टेन्शन नका घेऊ बाबा. पण तेच तर चालतंय ना."

"अरं, इचारलं तर थांबावं लागतं," बाबा म्हणाले. मालकाला फोन आला. तो घेत तो बाहेर गेला.

नदीवालीने पुन्हा तिथे काही लिहिलं नाही. पार्सलामुळे तिचा नंबर मात्र माझ्याकडच्या दुकानाच्या फोनमध्ये होता. आधी लावून बघितला, लागला नाही. मग बाबा म्हणाले, तिला बोलून धाडू. मिशीवरून हात फिरवून, फोन दोन्ही हातांत धरून ते बोलले:

"नदीवाली बाई, राम राम. म्या बोलतोय, घोंगड्यावाला. त्यो जबाब माहा नव्हं. तुमच्या घरात पाणी आलं आन् म्या हासलो नाय बाई. म्या हितं जिन्याखाली व्हतो, मला कुणी वाचून दावलंच नाय. समदे खुशाल हायत का?"

आणि ते थांबले. मान कलती करून, सवयीप्रमाणे. ती थांबलेली जागा मी कापली नाही, होती तशीच पाठवली.

शेजारी टिकची एक रेघ उमटली. मी सांगितलं, पोचलं की दुसरी रेघ येते. तेव्हापासून बाबांना दुसरा विषय उरला नाही. टँकरचा पाइप टाकीत सोडायचे, की दारात येऊन, "रेघ आली का माय?" सकाळी कुलूप काढताना तेच. मी म्हणायची, फोन भिजला असेल, दुरुस्तीला टाकला असेल. ते म्हणायचे, "आसंल." पण त्यांचं मन खात होतं. माझ्यापुढे एकदा डोळे पुसून म्हणाले, "ती म्हणत आसंल, म्हाताऱ्यानं थट्टा केली."

दसऱ्याच्या आसपास त्यांनी काम सोडलं. कुणाशी भांडले नाहीत. मालकाने नव्या व्हिडिओसाठी बोलावलं, तेव्हा फोनपुढे उभे राहिले, राम राम म्हणाले, आणि पुढचं त्यांच्याच्याने बोलवेना. गावाकडे गेले. तिथून मुलाच्या फोनवरून कधीमधी विचारायचे. "रेघ?" मी म्हणायची, "नाही अजून, बाबा." मग म्हणायचे, "तुमच्याकडं पाणी हाय का?" मी म्हणायची, "टँकर आहे." आणि पलीकडे त्यांचा श्वास ऐकू यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात ते फोनही बंद झाले. मुलगा एकदा त्यांची जिन्याखाली राहिलेली काठी न्यायला आला, त्याने सांगितलं. ताप होता, म्हणाला, फार नव्हता. मी काठी आणून दिली आणि आत जाऊन खूप रडले. माझा काही नात्याचा माणूस नव्हता. पण रोज दारात येऊन विचारणारं दुसरं मला तरी कोण होतं?

त्या साली पाऊस झाला. नुसता झाला नाही, जायकवाडीचे दरवाजे उघडले म्हणून अर्धं शहर तिकडे बघायला गेलं. बाबांचे जुने व्हिडिओ आमच्याकडे अजून चालतच होते. कोरड्या विहिरींच्या काळातला तो प्रश्न भर पावसात लोकांना विचारला जात होता, आणि लोक अंगठे लावत होते.

श्रावणात एका दुपारी पार्सलाच्या फोनवर नव्या नंबरावरून मजकूर आला. "मी नदीकाठची. जुना फोन पुरात गेला. हा नंबर घोंगड्याला शिवलेल्या चिठ्ठीवर मिळाला. तेव्हा बाबांचा फार राग आला होता. पण घोंगडं टाकवलं नाही. त्यांना विचारा, तुमच्याकडे पाणी आहे का?"

मी पार्सल बाजूला ठेवलं. शेवटी जे होतं तेच लिहिलं.

"पाणी आहे. बाबा नाहीत."

आणि त्याखाली त्यांचं ते जुनं बोलणं पाठवलं. शेवटच्या थांबण्यासकट.

एक रेघ आली. मी बघत राहिले. मग दुसरी आली.

"आली बाबा," मी दाराकडे वळून मोठ्याने म्हणाले.

जिन्याखालच्या नव्या वॉचमनने मान वर केली. "कुणाला म्हणलात, मॅडम?"