पप्पांच्या बाजातली तीन बुचं

आमच्या बँडचा आवाज वाईट आहे, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. उस्मानपुऱ्यात विहारामागच्या पटांगणात आम्ही सरावाला उभे राहिलो की कट्ट्यावरची पोरं म्हणायची, म्हैस अडली वाटतं, डॉक्टरला बोलवा. सहा बॅगपाइप आणि चार ढोल. बँड पप्पांनी उभा केला होता, जुने बाजेही त्यांनीच कुठून कुठून गोळा केले होते. ते शहागंजात गाद्यांच्या दुकानात कापूस पिंजतात. इतक्या वर्षांची धूळ छातीत बसली आणि यंत्राच्या आवाजानं कान मंदावले. दवाखान्यातून त्यांना तोंडात ओढायचा पंप मिळाला होता, दर महिन्याला तपासायला बोलावलं होतं. बाजा वाजवू नका असं डॉक्टर म्हणाले नव्हते, कारण पप्पांनी त्यांना बाजाचं सांगितलंच नव्हतं.

जयंतीच्या दोन-अडीच महिने आधी छावणीतले एक उस्ताद आम्हाला शिकवायला यायला लागले. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले. बोलणं थोडं, काम हातानं. एकेकाला समोर उभं करायचे आणि त्याच्या काखेतल्या पिशवीवर आपली मूठ ठेवून दाब कसा राहतो ते बघायचे. मला म्हणाले, "फुंक को छोड बेटा, बगल संभाल." फुंकीनं पिशवी फक्त भरायची, सूर कोपराच्या दाबानं धरायचा. आम्ही इतकी वर्षं उलटं करत होतो.

चाल बोटांखालच्या नळीतून निघते, खांद्यावरच्या तीन नळ्या एकच सूर धरून घुमत राहतात. त्या सरकवून कमीजास्त करायच्या आणि सहाही बाजे एका सुरात आणायचे, हे काम त्यांनी मला शिकवलं. मी विज्ञान शाखेत शिकते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. दोन सूर किंचित वेगळे असले की आवाजाची लाट येते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. नळी सरकवताना ती लाट हळू होत होत थांबली, तेव्हा मला पहिल्यांदा ते खरं कळलं.

पाच बाजे जुळले. सहावा जुळेना. मी तो जुळवायची, आणि दोन ओळी होईपर्यंत तो उतरायचा. तो पप्पांचा होता.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर उस्तादांनी मला बाजूला घेतलं. "तेरे अब्बा का दम टूटरा बेटा. तीनों नलियों में बूच लगा दे. फौज में भी ऐसाच करते थे. लेकिन उनको बता के कर."

बुचं मी लावली. सांगितलं नाही. बाजे जुळवायला माझ्याच हातात असायचे, म्हणून कुणी विचारलंही नाही. नळ्या जिथं पिशवीत बसतात तिथं आतून बुचं बसवली, बाहेरून दिसू नयेत अशी. घरी वाजवायला जागा नव्हती, पप्पा वाजवायचे ते सगळ्यांबरोबरच. त्या गजरात आपल्या नळ्या मुक्या आहेत हे त्यांना ऐकू येणार नाही, असा माझा अंदाज होता. तो खरा ठरला.

त्या दिवशी बँड पहिल्यांदा एका आवाजात वाजला. कट्ट्यावरची पोरं गप्प झाली. तो आवाज मला हवाच होता, हे कबूल केलं पाहिजे.

घरी जाताना पप्पा हसत होते. "आज दम पुरायलाय माय," ते म्हणाले. "उस्तादाचा हात लागला अन् छातीच मोकळी झाली बघ."

तीन नळ्या बंद असल्या की हवा कमी लागते. एवढंच झालं होतं. मला ते तिथंच सांगता आलं असतं. मी म्हणाले, हो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पंप कपाटावर ठेवून दिला. तपासायची तारीख आली तेव्हा आईनं आठवण करून दिली. ते म्हणाले, बाजा वाजवणाऱ्याला काय झालंय. मी पुस्तक उघडून बसले होते. जयंती झाली की सांगू, असं मी ठरवलं. पुढची तारीखही तशीच गेली.

मिरवणुकीत आम्ही चांगले वाजलो. लोक थांबून ऐकत होते. पप्पा पहिल्या रांगेत होते. मध्येच त्यांचे ओठ निळसर दिसले, मला वाटलं उन्हानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. उस्तादांना माहीत होतं का, एवढंच विचारलं. मग म्हणाले, "काढ ती बुचं."

मी काढली. त्यांनी दारात उभं राहून पिशवी भरली. तिन्ही नळ्या घुमल्या. अर्धी ओळ झाली नाही तोच आवाज खाली घसरला, आणि ते उंबऱ्यावर बसले. बाजा मांडीवर होता, त्यातली उरलेली हवा बराच वेळ कण्हत राहिली.

मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला. जे गेलं ते आता परत येणार नाही, आहे तेवढं सांभाळायचं, असं सांगितलं. मग जुना कागद बघून विचारलं, दोन महिने का आला नाहीत, औषध का सोडलं?

मी तोंड उघडलं होतं. मी बोलायच्या आधीच पप्पांनी, माझ्याकडं न बघता, सांगितलं, "बरं वाटायलं होतं साहेब."