आरोग्याचा तास परत मिळवणाऱ्या बाई

शाळेच्या प्रार्थनेत मी भोवळ येऊन पडले. डोळे उघडले तेव्हा एक अनोळखी बाई माझी खालची पापणी ओढून पाहत होत्या. भोवती गलका होता. कुणीतरी म्हणालं, "हिच्या अंगात आलंय." त्या बाई मान वर न करताच म्हणाल्या, "अंगात काही येत न्हाई. हिच्या अंगात रक्तच न्हाई, तेवढं बघा आधी."

रत्नमालाबाई सूर्यवंशी यांची आणि माझी ही पहिली ओळख. मी नववीत होते. निंबर्ग्याच्या एका बौद्ध शेतकरी कुटुंबात वाढलेल्या बाई औराद तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला त्याच आठवड्यात रुजू झाल्या होत्या. यंदा त्या वयाची साठी पूर्ण करून निवृत्त होत आहेत. या गौरवग्रंथासाठी लिहिताना मला प्रेमाने सुचवण्यात आलं, "ते जुनं प्रकरण नको, चांगलं चांगलं लिहा." माझ्या लेखी बाईंच्या आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट तीच आहे. म्हणून मी तीच लिहिते आहे.

त्या रविवारी बाई मला एस.टी.ने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. पुढे रोज मधल्या सुट्टीत त्या मला शेंगदाण्याचा लाडू देत आणि समोर बसवून खायला लावत. "हितंच खा. घरी नेलास की भावांच्या पोटात जाईल," असं त्या म्हणत. आमच्या घरात कोण आधी जेवतं आणि कोणाला उरलंसुरलं मिळतं, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

आमच्या वेळापत्रकात आठवड्याला आरोग्याचा एक तास होता, पण त्यात गणिताची राहिलेली उदाहरणं होत. बाईंनी तो तास मागून घेतला. गुटख्याने तोंडाचं काय होतं, दात का किडतात, मुलींना भोवळ का येते, हे सगळं त्यांनी मुलामुलींना एकत्र बसवून शिकवलं. मग एके दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मासिक पाळी. मागच्या बाकावरचा एक मुलगा फिसकन हसला. बाई शांतपणे म्हणाल्या, "हसायलास कामून? ही नसती तर तू बी नसतास." पुन्हा कुणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी शाळा समितीचे एक वजनदार सदस्य मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसले. गावात सगळे त्यांना अप्पा म्हणत. मी हजेरीपुस्तक ठेवायला गेले होते, ती दाराशीच थबकले.

"बाई, तुम्ही पोरींना बिघडवायलाव," अप्पा म्हणाले. "असलं शिकवायचं तर तुमच्या वस्तीत शिकवा."

त्या 'तुमच्या'चा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला. बाईंचा आवाज जराही चढला नाही. "वस्तीत कवाच शिकवून झालं, अप्पा. आता तुमच्या गल्लीची पाळी."

मुख्याध्यापकांनी कोरा कागद पुढे सरकवला. हा विषय पुन्हा शिकवणार नाही, असं लिहून द्यायचं होतं. बाईंनी उभ्याउभ्याच लिहिलं, "हा धडा मी शिकवला आहे. पुढच्या वर्षीही शिकवीन." खाली सही केली आणि वर्गावर निघून गेल्या.

त्यांचा तास काढून घेण्यात आला. दुसऱ्या दिवसापासून बाई प्रार्थनेच्या अर्धा तास आधी येऊ लागल्या आणि व्हरांड्यात शिकवू लागल्या. ज्याला यायचं त्याने यावं. पहिल्या दिवशी आम्ही चौघीच होतो.

पाळीच्या दिवसांत आई मला चार दिवस बाहेर बसवी आणि दर महिन्याला माझी शाळा बुडे. व्हरांड्यातल्या वर्गानंतर मी घरी सांगितलं, "मी बसणार न्हाई. शाळेला जाणार." आई तणतणत माझ्यामागून शाळेत आली. बाईंनी तिला बसायला सतरंजी दिली आणि धडा पुढे चालू ठेवला. आई भांडायचं विसरून ऐकत राहिली. शेवटी खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, मला तीन लेकरं झाली, पर हे कुणीच सांगितलं न्हाई. उद्या जावेला बी आणू का?"

"व्हय, आणा की," बाई म्हणाल्या.

पुढच्या जूनमध्ये अकरा आया मुख्याध्यापकांच्या दारात उभ्या राहिल्या. सर्वांत पुढे माझी आई होती. "तास परत द्या. न्हाईतर आम्ही हितंच बसतो," ती म्हणाली. तास परत मिळाला. तेव्हापासून तो कधी गणिताला गेला नाही.

अप्पांचं मन वळलं, असं लिहिलं तर लेख गोड होईल; पण ते खरं नाही. त्यांनी बाईंना आजतागायत नमस्कार केलेला नाही, आणि बाईंचं त्यावाचून काही अडलेलं नाही. मी आज आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. समोर बसलेल्या मुलीची पापणी तपासताना मला अजून कुणाची परवानगी घ्यावीशी वाटत नाही. हे बाईंकडूनच आलं.

बाई, आता शाळेचं बंधन नाही. गावोगावचे व्हरांडे तुमचेच आहेत. तुमचे गुडघे शाबूत राहोत, तुमचं रक्त लाल आणि आवाज खणखणीत राहो. आणि तुम्हाला गप्प बसवायला येणाऱ्यांना अजून चाळीस वर्षं असंच हात हलवत परत जावं लागो.