मंजू फक्त पांढरं खायची

दवाखान्यात औषधांपेक्षा किस्से जास्त साठतात! औषधांचा साठा निदान संपतो तरी. किश्श्यांचं तसं नाही. एक सांगायला काढला की त्याच्या मागून दुसरा हजर, आणि समोरचा चहा निवून जातो.

मी अमडापूरला दवाखाना टाकला तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि माझी डिग्रीही. दोन खोल्या, बाहेर एक लांब लाकडी बाक. आत मी आणि माझा कंपाउंडर गुलाबराव. समोर रहमानचाचांचं युनानी औषधांचं दुकान. चाचा हकीम. माझ्याकडे गुण आला नाही की पेशंट रस्ता ओलांडून त्यांच्याकडे जायचा, त्यांच्याकडे नाही आला की माझ्याकडे. आणि संध्याकाळी आम्ही दोघं त्याच बाकावर बसून चहा प्यायचो.

परवा नात्यातल्या एका तरुण आईने मला विचारलं, "काका, ऑटिझम खाण्यापिण्यातून होतो का हो? की पोटाच्या तक्रारीतून? की रक्तातूनच येतो?"

मी म्हटलं, "रक्ताचा वाटा मोठा आहे, असं आता जाणकार सांगतात. पोटाचं अजून शोधताहेत. आणि अमुक खाल्लं म्हणून झाला, तमुक सोडलं म्हणून गेला, असं कोणी सांगितलं तर जरा जपून! पण बाई, तुझे हे तिन्ही प्रश्न माझ्या बाकावर भांडून झालेत. आणि तेव्हा आमच्यापैकी एकालाही तो शब्द माहीत नव्हता!"

मग तिला मंजूचे किस्से सांगितले. तेच तुम्हाला सांगतो.

*

भगवानचा गावाला लागून मळा होता. वांग्यांसाठी नाव काढलेला माणूस. एके सकाळी तो आणि त्याची बायको सुभद्रा, पाच-सहा वर्षांच्या मंजूला घेऊन आले. पोरगी धडधाकट. पण एक शब्द बोलत नव्हती आणि कोणाच्या डोळ्यात बघत नव्हती.

"काही सांगतच नाई जी," भगवान म्हणाला. "माह्या घरात राह्यते, पण कुठी दुसरीकडंच असल्यासारखी."

मी तपासायला हात पुढे केला, तर पोरगी माझ्या काखेखालून निसटून थेट गुलाबरावच्या फळीकडे! तेव्हा मिक्श्चरच्या बाटल्यांचा जमाना. तांबडं, गुलाबी, पिवळं, सगळं रांगेत मांडलेलं. गुलाबराव ओरडत धावला. मी म्हटलं, "थांब, ती फोडत नाहीये."

खरंच फोडत नव्हती. एकेक बाटली उचलून ती नव्याने लावत होती. सर्वांत फिकी एका टोकाला, सर्वांत काळपट दुसऱ्या टोकाला. शेवटची बाटली जागेवर बसली तशी तिने दोन्ही हात पंखांसारखे फडफडवले आणि खाली बसून घेतलं.

गुलाबरावने कपाळाला हात लावला. "साहेब, आता औषध रोग पाहून द्याचं, का रंग पाहून?"

*

मंजू फक्त पांढरं खायची. जवारीची भाकर, भात, दूध. बस्स! भाकरीवर एखादा करपलेला ठिपका असला तर तो नखाने कोरून काढायची. प्रत्येक घास आधी हुंगायची.

भगवानची थोरली बहीण गंगूआत्या वरवट बकालला दिलेली. ती महिनाभर राहायला आली आणि आल्या आल्या जाहीर केलं, "मी लावतो इले वळण!"

आत्याने भातात चमचाभर वरण कालवलं आणि ते दिसू नये म्हणून वरून दूध ओतलं. मंजूने ताटली हुंगली. उचलली. अंगणात नेऊन शेळीपुढे ठेवली. शेळीचं खाऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिली, मग रिकामी ताटली आणून आत्याच्या हातात दिली.

आत्या त्याच दिवशी दवाखान्यात येऊन मला म्हणाली, "डाक्टर, पोट्टी येडी नाई हो. मी कालवणात काय काय लपवतो ते माह्या नवऱ्याले अजून कळलं नाई. इले वासावरून कळलं!"

*

ईदेच्या दिवशी रहमानचाचांनी घरून भगवानकडे शेवयांचं भांडं पाठवलं. चाचीने त्या साध्या दुधात शिजवल्या होत्या. दुधाळ, पांढऱ्या. मंजूने हुंगल्या आणि वाटी चाटून पुसून साफ! नवा पदार्थ तिने पहिल्यांदाच खाल्ला होता. आळीतल्या बायका बघायला गोळा झाल्या.

चाचांची छाती फुगली. "देखा डाक्टर? तुम्हारी किताबें एक तरफ, हमारी बेगम की सेवई एक तरफ!"

दुसऱ्या दिवशी हुरूप येऊन ते स्वतः शेवया घेऊन गेले. पोरीला ताकद यावी म्हणून यावेळी वरून पिस्ते पेरलेले. मंजू त्यांच्यासमोर बसली. एकेक पिस्ता वेचून तिने चाचांच्या तळहातावर ठेवला. सगळे वेचून झाल्यावर त्यांची बोटं एकेक करून मिटली, मूठ नीट बंद केली, आणि मग खायला लागली.

चाचा तसेच मूठ मिटून बाकावर आले. "डाक्टर, इतने साल दवाखाना चलाया. मिलावट पकडनेवाली आज पहली बार मिली!"

*

भाजी नाही, फळ नाही, मग व्हायचं तेच झालं. मंजू मध्येच पोटावर मुठी मारत जमिनीवर लोळायची आणि अशी किंचाळायची की रस्त्यावरची माणसं थांबायची. बोलता येत नाही, मग कुठे दुखतं ते सांगणार कसं? आळीने ठरवलं, बाहेरची बाधा. आत्याने उंबऱ्याला लिंबू बांधलं. मग कोणीतरी म्हणालं, दुधानेच हे होतं, दूध तोडा. दूध तोडलं, तर पोरगी रिकामी वाटी घेऊन गोठ्यात गाईजवळ जाऊन बसली. हलेचना!

शेवटी सुभद्रा मला आणि चाचांना, दोघांनाही घरी घेऊन गेली. मी पोट चाचपलं. दगडासारखं टणक. चाचा म्हणाले, "इसबगोल." मीही तेच म्हणणार होतो. आमचं एकमत झालेलं अमडापूरने पहिल्यांदा पाहिलं! इसबगोल दुधात कालवलं. मंजूने हुंगलं, बघितलं. पांढरं! प्यायली.

थोड्या दिवसांनी भगवान आनंदाने उड्या मारतच आला. "साहेब, पोट मोकळं झालं, रडणं बंद, निजते बी मस्त! आता बोलन कधी?"

हे उत्तर द्यायला मला जड गेलं. म्हटलं, "भगवान, पोट दुखायचं थांबलं म्हणून रडायचं थांबलं. बोलण्याचं वेगळं आहे रे. ते मी तुला सांगू शकत नाही."

 तो उठता उठता म्हणाला, "असू द्या. तिचं दुखणं तं गेलं. आन् साहेब, सारी आळी निजून राह्यली! लोकं तुमाले शाल-नारळ द्याचं म्हणतात."

*

हे सगळं चालू असताना घरात एक वाईट गोष्ट शिजत होती. गंगूआत्याचं म्हणणं, दोष सुभद्राचा. "दिवस गेले तवा इनं रोज वांगे खाल्ले. वांगं वातूळ! पोटातल्या लेकराची जीभ धरली." आणि त्यापुढचं म्हणणं, हिला माहेरी धाडा आणि भगवानची दुसरी सोयरीक पाहा. सुभद्राने ऐकून घेतलं होतं, पण तिचं जेवण तुटलं होतं. एका दुपारी आत्याने हे माझ्यासमोर, भर बाकावर, सुभद्राच्या तोंडावर म्हटलं.

मी विचारलं, "आत्या, अमडापूरच्या बाजारात वांगी कोणाची असतात?"

"आमच्या भगवानचीच. दुसऱ्याची कोण घेते?"

"म्हणजे गावातल्या सगळ्या गरोदर बायकांनी तीच वांगी खाल्ली. मग अर्धं गाव मुकं पाहिजे!"

आत्याने तोंड उघडलं. तेवढ्यात आतून गुलाबराव म्हणाला, "आत्या, तुमच्या मायनं काय खाल्लतं हो? तुमची जीभ तं बंदच होत नाई!"

सुभद्रा पदर तोंडात धरून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

*

पण विषय संपला नव्हता. सुभद्राचं माहेर हिवरा आश्रमाकडचं. तिथून तिचा भाऊ आला, चिडलेला. दोन्हीकडची माणसं आधी मळ्यात भांडली, मग "डाक्टरले विचारू" म्हणून माझ्या बाकावर येऊन भांडली.

"तुमच्या रक्तातला दोष हाय!"

"आमच्यात असं कोणीच नाई! तुमच्यात पाहा!"

बाकाच्या टोकाला भगवानचे वडील बसले होते, तुळशीरामबुवा. गावात त्यांना तिरसट म्हणत. रोज त्याच कोपऱ्यात, त्याच थाळीत, दही-भाकर. मळ्यात जायचं ते एकाच बांधावरून, मग तिथे गुडघाभर चिखल असो. नवं धोतर अंगाला टोचतं म्हणून आधी भगवानने ते नेसून मऊ करायचं. बोलणं तर नावालाच. त्या भांडणातही ते जमिनीकडे बघत बसले होते.

आवाज फारच चढले तसे ते म्हणाले, "माह्यावर गेली."

कोणाला कळेचना कोण बोललं.

"मले बी लई वरसं बोलता येत नव्हतं," बुवा जमिनीकडेच बघत म्हणाले. "माय म्हणे, कोणाले सांगू नको. नाई सांगलं. सुभद्राले काऊन बोलता? पोट्टी माही हाय. माह्यावर गेली."

एवढं बोलून ते उठले आणि घरी चालू लागले. त्यांची भाकरीची वेळ झाली होती.

गंगूआत्या बापाच्या पाठीकडे बघत राहिली. सुभद्राच्या भावाने टोपी काढून हातात धरली. माहेरी धाडायचं नाव त्या घरात पुन्हा कोणी काढलं नाही.

बाक रिकामा झाल्यावर गुलाबराव म्हणाला, "साहेब, बुवानं औंदाचं समदं बोलणं आजच वापरून टाकलं."

*

त्यानंतर कधीतरी माझा कॉलेजातला एक मित्र नागपुराहून आला. मी त्याला मंजूबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "अरे, याला नाव आहे. ऑटिझम."

मी ते चाचांना सांगितलं. चाचांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. "इत्ती सी छोकरी, और नाम अंग्रेजी? उसको बताना मत, डर जाएगी!"

मित्र पुढे म्हणाला, परदेशातली काही मोठी माणसं म्हणतात की आईची माया कमी पडली की मुलं अशी होतात. पुढे ही समजूत चुकीची ठरली आणि पुस्तकांतून गेली, पण तेव्हा मी ऐकून थक्क झालो. खिडकीतून बाहेर पाहिलं. बाकावर सुभद्रा मंजूला भाकर देत होती. प्रत्येक तुकडा उन्हात उलटापालटा करून, ठिपका दिसला की काढून, मग लेकीच्या हातात.

गुलाबरावनेही तिकडेच पाहिलं. मित्राला म्हणाला, "ते मोठे लोकं अमडापूरले कधी आले नसतीन."

*

आणि आता हा एक.

मंजू दहा-अकरा वर्षांची झाली असेल. थंडीचे दिवस. भगवानने आम्हाला मळ्यात भरताच्या जेवणाला बोलावलं. मी, गुलाबराव, रहमानचाचा. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, सोबत हिरव्या मिरच्या भाजल्या. त्याचं भरीत, गरम भाकरी. चाचांच्या नाकातोंडातून पाणी, तरी हात थांबेना!

आम्ही सगळे गोलात बसलो होतो. तुळशीरामबुवा जरा लांब, त्यांची दही-भाकर घेऊन. मंजू आईच्या शेजारी. माझं लक्ष सुभद्राच्या ताटाकडे गेलं. नुसती भाकर आणि दूध.

"काय हो, तब्येत बरी नाही का?"

तिने भाकरीचा तुकडा दुधात बुडवला. भगवान म्हणाला, "तिनं तिखट सोडलं साहेब. मंजू बोलन तवाच मिरची तोंडात घालन म्हणते. लई वरसं झाले. मी म्हणतो सोड हे, पण आयकते कुठी?"

 वऱ्हाडातली बाई, आणि इतकी वर्षं तिखटाशिवाय! चाचांनी घास खाली ठेवला.

मंजू भाकर खात होती. खाता खाता थांबली. तिने आईच्या ताटाकडे पाहिलं, मग बापाच्या ताटाकडे. हात लांब करून बापाच्या ताटातली एक भाजकी मिरची उचलली. हिरवी, काळे डाग पडलेली. पांढऱ्याशिवाय कशाला बोट न लावणारी पोरगी! तिने ती नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं, शिंकली. पण टाकली नाही. आईच्या भाकरीच्या बरोबर मधोमध ठेवली. बोटाने जराशी सरळ केली. आणि पुन्हा आपली भाकर खायला लागली.

सुभद्रा त्या मिरचीकडे बघत राहिली. मग तिने ती उचलली आणि देठापर्यंत चावून खाल्ली. डोळ्यांतून धारा लागल्या.

भगवान घाबरला. "अवं, हे काय केलं! थे बोलली कुठी?"

सुभद्राने पदराने नाक पुसलं आणि नवऱ्याकडे आश्चर्याने पाहिलं.

"तुमाले आयकू नाई आलं?"