हलवलेली बाटली

"हा आजार तुमच्या जीनमधून आलाय," डॉ. परेरा म्हणाल्या, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "रिपोर्ट माझाच आहे ना?"

माझाच होता. हिरेडिटरी ट्रान्सथायरेटिन अमायलॉयडोसिस. म्हणजे लिव्हर एक प्रोटीन सदोष बनवतं आणि ते नसांमध्ये साचत जातं. वर्षभर माझ्या पायांची बोटं बधिर होती, चप्पल निसटली तरी कळायचं नाही. वडील असेच अंथरुणाला खिळले होते. तेव्हा आम्ही त्याला वात म्हणायचो.

डॉक्टरबाईंच्या परळच्या हॉस्पिटलात एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. त्या प्रोटीनचा जीनकडून येणारा निरोप अडवणारा आरएनए, चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांतून शिरेत द्यायचा. हे गोळे म्हणजे लिपिड नॅनोपार्टिकल. मी वरळीच्या डेअरीत एकतीस वर्षं दूध तपासलं. स्निग्धांश म्हटलं की मला भेसळच दिसते. म्हणून विचारलं, "आरएनए आत गेलाय, हे कशावरून?"

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. "कांबळेकाका, चरबी अल्कोहोलमध्ये विरघळवतात, आरएनए आंबट पाण्यात. दोन्ही धारा जोरात एकत्र सोडतात. पाण्यात चरबी विरघळलेली राहू शकत नाही, ती गोळा होते. आंबटपणामुळे तिच्यावर पॉझिटिव्ह चार्ज येतो, आरएनएवर निगेटिव्ह असतो. म्हणून ती त्याला धरूनच गोळा होते. मग अल्कोहोल आणि आंबटपणा काढतात. आत किती गेलं, ते प्रत्येक बॅचला मोजतात."

त्या मोजणीचा कागद दाखवा म्हटलं, त्यांनी दाखवला. तरी संमतीपत्रावर सही करायला मी पंधरा दिवस लावले. लेक प्रज्ञा वैतागली. "बाबा, तुमची इन्क्वायरी संपेपर्यंत पाय जातील." बधिरपणा घोट्यापर्यंत आलाच होता.

पहिल्या डोसच्या दिवशी लेबल वाचायचं म्हणून मी सिस्टरकडून बाटली मागून घेतली. आत दुधाळ पांढरं औषध. वर साय धरली असणार, असं वाटलं. नमुना तपासण्याआधी हलवायचा, ही माझ्या हाताची सवय. मी बाटली खळखळून हलवली.

"काका, काय केलंत हे?" सिस्टरचा आवाज एकदम उतरला.

हलवलं की हे गोळे एकमेकांना चिकटू शकतात. तो डोस टाकून द्यावा लागला. दुसरा तीन आठवड्यांनी आला, तोवर मी जिन्यात दोनदा पडलो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. डॉक्टरबाई मात्र त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत, ते उपकार मी विसरणार नाही.

आता आठ डोस झालेत. गेलेली संवेदना परत आली नाही, पण बधिरपणा वरही सरकलेला नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर प्रश्न जरूर विचारा. उत्तर पटलं की मात्र सही करा, पायांना थांबायला वेळ नसतो.

गेल्या आठवड्यात प्रज्ञाची टेस्ट झाली. तोच दोष तिच्यातही निघाला. त्रास अजून काहीच नाही.

"बाबा, माझी वेळ येईल तेव्हा हे औषध लागू पडेल ना?" तिने विचारलं.

न तपासता मी आजवर कुणालाच हो म्हटलेलं नाही. तिला हो म्हणालो.