देशाच्या गाण्यातलं हसू

आप्पांनी चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या आणि आयुष्यात एकच गाणं लिहिलं, तेही थट्टेचं. ‘आमचाच सूर्य खरा, बाकीच्यांचा उसना, आमचाच दगड भारी, बाकीच्यांचा भुसा.’ ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्यांची बायको डबा घेऊन गेली होती. दुसरं कडवं संपलं आणि ती फस्सकन हसली. वादकांना ते इतकं आवडलं की त्यांनी तसंच ठेवलं.

पुढे घर बदलताना तबकडी फुटली. बायको म्हणाली, “नवी कशाला? रेडिओवर लागतंच की.”

मग सरहद्दीवर काहीतरी बिनसलं, आणि लोक तेच गाणं छातीवर हात ठेवून म्हणू लागले. गाणं लागलं की दुकानातली गिऱ्हाइकं उठून उभी राहत. आप्पा तेवढे काच घासत बसत.

“आप्पा, लाज आणता हो!” मालक चरफडायचा.

त्याच वर्षी बायको गेली. घरात तिचे फोटो सात निघाले, आवाज कुठेच नाही. म्हणून आप्पांनी रेडिओ लावला, तर हसण्याच्या जागी ढोल वाजला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते रेडिओ केंद्रावर गेले.

फिती सांभाळणारी बाई म्हणाली, “हसणं काढलं, काका. पत्रं आली होती. देशाच्या गाण्यात बाई हसते म्हणजे काय?”

“अहो, पण ती थट्टा आहे!”

“कोण म्हणतं?”

“मीच लिहिलंय.”

“मग तर तुम्ही मुळीच बोलू नका.”

“जुनी फीत?”

“पुसली. एवढं काय आहे त्यात?”

“आमची ही होती ती.”

 बाईने नवी फीत लावून हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. दुसरं कडवं संपलं. ढोलाच्या आधी कुणीतरी नाकातून श्वास ओढला, बारीक शीळ घातल्यासारखा. हसू फुटायच्या आधी बायको अगदी असाच श्वास घ्यायची. कापणाऱ्याच्या हातून तेवढा राहून गेला होता.

“पुन्हा लावता?”

बाईने चार वेळा लावलं.

आता दुकानात गाणं लागलं की सगळ्यांच्या आधी आप्पा उठतात. घासायचं यंत्र बंद करतात, रेडिओपाशी जाऊन कान लावतात. डोळे भरून येतात. नंबर तपासायची जड फ्रेम नाकावर सांभाळत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मालक सांगतो, “बघा, याला म्हणतात देशप्रेम!”

“गप्प बसा हो जरा,” आप्पा म्हणतात. “दुसरं कडवं संपत आलंय.”